घरच्या कामाची घंटा

आमच्या वडिलांचा शिवणकामाचा धंदा घराच्या पडवीतच होता. पडवीच्या एका अंगाला पायमशीन, त्याला लागून कापड बेतायचे लाकडी टेबल, भिंतीशी गजावर टांगलेले तयार कपडे, आणि मधल्या दारातून आत पाऊल टाकले की समोर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. दुकान आणि घर यांच्यामध्ये एवढा एकच उंबरठा होता. त्या दाराला कडीदेखील नव्हती. संध्याकाळी देवळातील आंजेलसची घंटा झाली की आमची आजी आतून बाहेर येई आणि मशीनवर एका जुन्या लुगड्याचे फडके टाकी. ती बोलत काहीच नसे. वडील अर्धी राहिलेली टीप तशीच सोडून उठत. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी त्याला 'उद्या या' असे सांगितले जाई, आणि नवल म्हणजे ते रागावत नसे, कारण घंटा त्यानेही ऐकलेली असे.

आजी गेल्यावर ते फडके काही दिवस खुंटीला लोंबत राहिले. मग कोणीतरी ते लादी पुसायला घेतले. जपमाळ चालू असताना बाहेरून हाक येई आणि वडील 'नमो मरिये'च्या मध्यावर उठून जात. नाताळाआधीचे पंधरा दिवस तर मशीन पहाटेपर्यंत थांबत नसे. अशाच एका वर्षी मध्यरात्रीच्या मिस्साला अर्धा गाव वडिलांनी शिवलेल्या नव्या कपड्यांत आला होता. आम्ही भावंडे मात्र गेल्या वर्षीचेच कपडे घालून बसलो होतो, आणि प्रवचन सुरू होण्याआधीच वडिलांची मान खाली कलली होती. आई त्या वर्षी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी बोलली.

हे सारे आज आठवण्याचे कारण आमची मुलगी. ती घरी बसून संगणकावर पुस्तकांची मुखपृष्ठे आणि छापखान्यांसाठी लागणारी रेखाटने करून देते. तिला मालक नाही, हजेरीपुस्तक नाही, जाण्यायेण्याची दगदग नाही. मात्र रात्री अकरा वाजता तिचा फोन वाजतो आणि रविवारी मिस्साहून परत येईतो चार निरोप येऊन पडलेले असतात. एकदा ती आम्हाला म्हणाली, "बाबा, आजोबांच्या मशीनवर पणजी फडके टाकायची असे तुम्ही सांगता. माझ्या संगणकावर कोणी टाकायचे?"

तिने 'कसे' असे विचारले नाही. 'कोणी' असे विचारले. घरी बसून स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाने कामाला सीमा कशी घालावी याविषयी उपदेश पुष्कळ मिळतो, आणि तो बहुतेक त्या माणसाच्या निश्चयावरच सारा भार टाकतो. इतिहास चाळू लागल्यावर आम्हाला दिसले ते निराळेच. ही सीमा जेव्हा जेव्हा टिकली तेव्हा ती एकट्या माणसाने टिकवलेली नव्हती.

घरातच कारखाना असलेल्या माणसांचे एक मोठे शहर म्हणजे तेराव्या शतकातील पॅरिस. तेव्हा फ्रान्सच्या गादीवर नववा लुई होता. ज्याला ख्रिस्तसभेने १२९७ साली संतपद दिले तोच हा संत लुई. त्याच्या वतीने एतिएन ब्वालो नावाचा अधिकारी पॅरिसचा कारभार पाहत असे. त्याने १२६८ च्या सुमारास एक मोठे काम तडीस नेले. शहरातील कारागिरांच्या एकेका संघाला बोलावून त्यांच्या धंद्याचे नियम आणि रूढी त्याने लिहून काढल्या. सुमारे शंभर धंद्यांचे नियम असलेला हा ग्रंथ 'धंद्यांचे पुस्तक' या नावाने ओळखला जातो. कारागिरांचा संघ ही कल्पना आपल्याला परकी वाटायला नको. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचे त्यात नमूद आहे. त्याच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावा अशी योजना होती. म्हणजे पॅरिसच्या हजारभर वर्षे आधी आपल्याकडच्या विणकरांच्या संघांची पत एवढी होती की राजघराण्यातला माणूस त्यांच्याकडे पैसे ठेवी. पॅरिसच्या संघांनाही आपण श्रेणीच म्हणू.

या श्रेणीतील कारागिराचे घर कसे असे, ते डोळ्यांसमोर आणावे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला कामाची खोली. तिच्या मागे किंवा वर बिऱ्हाड. खोलीच्या खिडकीला दोन आडव्या फळ्या. वरची उचलून टेकू दिला की ऊनपावसाला आडोसा होई, खालची बाहेर पाडली की तीच माल मांडण्याची फळी. शिकाऊ मुलगा कित्येक वर्षे धन्याच्याच घरी जेवे आणि झोपे. बायको धंद्यात हातभार लावी, आणि नवऱ्यामागे पुष्कळदा तीच तो चालवी. रेशीम कातणाऱ्या स्त्रियांच्या तर स्वतंत्र श्रेणी होत्या. घर आणि काम यांची एवढी सरमिसळ झालेली असताना काम थांबत कधी असेल?

ते थांबवायला नियम होते. ब्वालोच्या पुस्तकात कित्येक धंद्यांना रात्री काम करण्याची मनाई आहे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम करावे, दिव्याच्या उजेडात करू नये. कारण दिले आहे ते असे की रात्रीच्या उजेडात काम चांगले आणि सचोटीचे उतरत नाही. कारागिराच्या डोळ्यांची दया येऊन हा नियम केला असे समजण्याचे कारण नाही. काळजी होती ती मालाची आणि श्रेणीच्या नावाची. लाकडी घरांच्या दाटीत उघड्या दिव्याने आग लागण्याचीही धास्ती होतीच. याखेरीज आणखी एक कारण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. एका कारागिराने रात्री दिवा लावला की समोरच्यालाही लावावा लागतो, आणि मग साऱ्या गल्लीत दिवे लागतात. शेवटी कोणालाच जास्त काही मिळत नाही, फक्त झोप सर्वांची जाते. नियमाने हा पहिला दिवाच विझवला. जो तो लावील त्याला दंड होता, आणि अपराध शोधायला फार दूर जावे लागत नसे. खिडकी रस्त्यावर उघडत असल्यामुळे आतला उजेड शेजाऱ्याला दिसेच.

शनिवारी काम लवकर संपे. अनेक धंद्यांत ते देवळातील सायंप्रार्थनेच्या घंटेबरोबर थांबवावे लागे. ऋतूप्रमाणे आणि उपवासकाळाप्रमाणे घंटा बदले. काही धंद्यांत घंटेऐवजी संध्याकाळी रस्त्याने ओरडत जाणाऱ्या दवंडीवाल्यांची फेरी हीच खूण धरली जाई. रविवार आणि मोठे सण पूर्ण सुट्टीचे. घड्याळ अजून कोणाच्या घरात आले नव्हते. साऱ्या गल्लीची वेळ एकच होती आणि ती सर्वांच्या कानांवर एकदमच पडे. गिऱ्हाईकाच्या कानांवरसुद्धा! आमच्या आजीच्या फडक्याचे बळ कशात होते हे आम्हाला हे वाचताना उमगले. ते तिच्या हातात नव्हते.

या पुस्तकातील सोनारांचा नियम आम्हाला सर्वांत आवडला. प्रेषितांच्या सणांना आणि रविवारी सोनाराने भट्टी उघडू नये, असा नियम होता. पण सोन्याचांदीच्या धंद्यात तातडीचे काम निघायचेच. मग त्यांनी काय केले? त्या दिवशी एकच दुकान उघडे ठेवायचे, आणि ते प्रत्येकाने आपापल्या पाळीने. जो उघडेल त्याने त्या दिवसाची कमाई घरी न्यायची नाही. ती श्रेणीच्या धर्मबंधुमंडळाच्या पेटीत टाकायची. त्या पेटीतल्या पैशांतून दरवर्षी ईस्टरच्या दिवशी पॅरिसच्या 'ओतेल द्यू' या धर्मार्थ रुग्णालयातील गरिबांना जेवण घातले जाई. गिऱ्हाईकाची अडचण भागली, पाळीवाल्याला लोभ उरला नाही, आणि बाकीचे सोनार निर्धास्तपणे मिस्साला गेले. या नियमाला अपवादही होते. राजा, राणी, त्यांची मुले, राजाचे भाऊ आणि पॅरिसचे बिशप यांचे काम असेल तर रात्रीही करता येई. थोरामोठ्यांचे गिऱ्हाईक तेव्हाही थांबायला तयार नव्हते असे दिसते. त्या यादीत बिशप महाशयांचेही नाव असावे याचे आम्हाला थोडे हसू आले.

पण त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. पॅरिसचा उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा असतो. दिवस मावळेपर्यंत काम, म्हणजे ते किती झाले याचा हिशेब वाचकांनीच करावा. रेशीम कातणाऱ्या स्त्रियांना कच्चा माल व्यापारी देत, आणि त्यांची स्थिती सोनारांसारखी कधीच नव्हती. शिवाय घंटा वाजवण्याचा हक्कही पुढे देवळाकडे राहिला नाही. १३५५ साली उत्तर फ्रान्समधील एर-स्युर-ला-लिस या कापडाच्या गावाला राजाच्या कारभाऱ्याने स्वतंत्र घंटाघर बांधण्याची परवानगी दिली. विणकरांनी कामाला कधी लागावे आणि कधी थांबावे हे सांगणारी घंटा तेथे बसवायची होती. ती मागितली होती कापडाच्या धंद्याचा लाभ असलेल्या मंडळींनी. झाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने ख्रिस्तसभेचा काळ आणि व्यापाऱ्याचा काळ असा भेद केला आहे, त्याची ही एक खूण. घंटा तीच, पण दोर ओढणारा हात बदलला.

व्यापाऱ्यांना श्रेणींचे नियम जाचक वाटू लागले तेव्हा त्यांनी ते मोडण्याची खटपट केली नाही. ते वेशीबाहेर गेले. श्रेणीची सत्ता शहराच्या तटापर्यंतच चाले. खेड्यातल्या झोपडीत लोकर नेऊन द्यायची आणि सूत किंवा कापड गोळा करून आणायचे, मजुरी नगावर, अशी पद्धत पश्चिम युरोपभर पसरली. डॅनियल डीफोने १७२० नंतरच्या दशकात इंग्लंडचे जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात हॅलिफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारांवर विखुरलेली विणकरांची घरे आहेत. जवळजवळ प्रत्येक घराबाहेर ताणून वाळत घातलेले कापड आणि आत पिंजणाऱ्या व कातणाऱ्या बायका. चार वर्षांवरील मुलेही कामात गुंतलेली पाहून डीफोला आनंद झाला होता. आम्हाला होत नाही.

तरीही या विणकरांनी आपली अशी एक सीमा राखली होती, आणि तिला मोठे गमतीदार नाव दिले होते. शनिवारी माल पोहोचवून पैसे घेतले, रविवार झाला, की सोमवारी कामाला हात लावायचा नाही. या सुट्टीला ते 'संत सोमवार' म्हणत. ख्रिस्तसभेच्या कोणत्याही पंचांगात नसलेल्या या संताचे भक्त इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी सगळीकडे होते. चांभार आणि विणकर त्यात आघाडीवर. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी लंडनच्या छापखान्यात होता; आपण कधी 'संत सोमवार' पाळला नाही आणि म्हणून मालकाची मर्जी बसली असे त्याने आत्मचरित्रात अभिमानाने नोंदले आहे. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या रिवाजाचा वेध घेतला आहे. सोमवार रिकामा, मंगळवार सैल, आणि मग गुरुवार-शुक्रवारी रात्रीचा दिवस, अशी विणकराच्या आठवड्याची चाल असे. हा काही फार शहाणपणाचा बेत नव्हे, आणि सोमवारच्या पेल्याचे पैसे बायकोच्या डब्यातून जात हेही खरे. मात्र तो सर्वांचा मिळून होता. एकट्याने सोमवारी माग चालवला असता तर शेजाऱ्यांनी त्याची टर उडवली असती.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे २,४०,००० हातमागवाले होते. यंत्रमाग आले, आणि शिवाय हातमागाचे काम शिकायला सोपे असल्यामुळे माणसांचीही गर्दी झाली. नगाचा दर उतरू लागला. दर उतरला म्हणून विणकर जास्त तास बसला. जास्त तास बसला म्हणून कापड जास्त झाले. कापड जास्त झाले म्हणून दर आणखी उतरला. संत सोमवार केव्हाच विसरला गेला. त्याच काळात, १८३३ आणि १८४७ साली, इंग्रज पार्लमेंटने कापडगिरण्यांतील मुले व स्त्रिया यांच्या तासांना मर्यादा घालणारे कायदे केले. ते गिरणीच्या फाटकापुरते होते. गिरणीत भोंगा होऊन मुले बाहेर पडत असता पलीकडच्या झोपडीत माग चालूच राही, आणि तो चालू ठेवणाऱ्यावर कोणाचीही सक्ती नव्हती. घरचा धनी तोच होता ना! घरबसल्या धंदा करणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य आणि त्याची असहायता या दोन गोष्टी एवढ्या जवळजवळ आम्ही दुसरीकडे कोठे पाहिल्या नाहीत.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. रविवारची विश्रांती हा केवळ आळसाचा वेळ नसून ती माणसाचा हक्क आणि देवाचे देणे आहे, कामाचे तास माणसाच्या शक्तीबाहेर असू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याचबरोबर, स्त्रीच्या प्रकृतीला घरातले काम मानवते आणि त्यात तिची मर्यादा राखली जाते, असेही त्यात आहे. परिपत्रकाच्या रोखठोकपणाविषयी आम्हाला आदरच आहे. पण 'घरातले काम' हे शब्द वाचताना मनात येते की रोममध्ये बसून दिसणारे घर आणि लंडनच्या पूर्व भागातले एकाच खोलीचे घर यांत फार अंतर होते. त्या खोलीत काम बाहेरून येत होते आणि आई काड्यापेट्या चिकटवीत होती.

ती खोली लोकांना दिसली १९०६ साली. 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एक प्रदर्शन भरवले. घरी बसून काड्यापेट्या, कृत्रिम फुले, सदरे करणाऱ्या बायकांना तेथे बसवून प्रत्यक्ष काम करायला लावले होते, आणि त्यांना किती मिळते व किती तास बसावे लागते हेही लोकांना सांगितले जात होते. सुमारे ३०,००० लोक पाहून गेले. माणसांना असे मांडून ठेवावे का, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण पॅरिसच्या त्या रस्त्यावरच्या खिडकीचे काम या प्रदर्शनाने केले असे म्हणता येईल. आतला दिवा शेजाऱ्याला दिसला. १९०९ साली पार्लमेंटने कायदा करून चार धंद्यांत किमान मजुरी ठरवणारी मंडळे नेमली. त्यांतला एक धंदा साखळ्या घडवण्याचा होता.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला क्रॅडली हीथ नावाचे गाव आहे. तेथील बायका घराच्या परसात लहानशा भट्टीवर लोखंड तापवून साखळीची कडी ठोकत. जवळच तान्हे मूल असे, आत चुलीवर जेवण शिजत असे. दर नगावर. १९१० साली मंडळाने ताशी अडीच पेन्स हा दर ठरवला. म्हणजे बहुतेकींची कमाई जवळजवळ दुप्पट होणार होती. मालकांनी युक्ती केली. कायद्यात पळवाट होती. कामकरी बाईने स्वतःच्या सहीने सवलत दिली तर नवा दर काही महिने लांबणीवर टाकता येत असे. लिहितावाचता न येणाऱ्या पुष्कळ बायकांकडून कागदावर अंगठे घेण्यात आले. मग मेरी मॅकार्थर या कामगार पुढारी बाईंच्या मार्गदर्शनाखाली शेकडो बायकांनी हातोडे खाली ठेवले. घरोघरच्या भट्ट्या थंड झाल्या. दहा आठवड्यांनी, २२ ऑक्टोबर १९१० रोजी, शेवटच्या मालकाने सही केली. देशभरातून आलेल्या मदतीतून जी शिल्लक उरली तिच्यातून गावात कामगारांसाठी एक इमारत उभी राहिली. १९१२ साली ती उघडली.

ही लढाई मजुरीची होती, सुट्टीची नव्हती, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती दोन्हींची होती. एका कडीला जे मिळते त्यावरच भट्टी किती वाजता विझेल हे ठरत असे. आमच्या वडिलांनी एका पँटची शिलाई दोन रुपयांनी वाढवली असती तर नाताळात आम्हाला नवे कपडे मिळाले असते, हे आईने त्या पुढच्या वर्षी बोलून दाखवले होते. वडील म्हणाले होते, "मी वाढवीन, पण खालच्या आळीतला वाढवील का?"

आपल्या मुंबईतही एक निराळी वाट काढली गेली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. संस्थेची सदस्य बाई केंद्रातून मळलेले पीठ घेऊन जाते, घरी लाटते आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घेते. संस्थेच्या नफ्यात तिचा वाटा असतो. या रीतीत आम्हाला भावते ते पीठ. रात्री अकरा वाजता कोणी तिला फोन करून आणखी चार पापड मागू शकत नाही. नेलेला गोळा संपला की दिवस संपला. बिडी वळणाऱ्या बायकांचे नशीब असे नव्हते. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणारीलाही कामगार मानले खरे, पण घरात शिरून तास कोण मोजणार हा जुना पेच तेथेही आलाच.

मग संगणक आला आणि ज्यांचे आजोबा गाडी पकडून कचेरीत जात ती मंडळीही घरी बसून काम करू लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा तर एका आठवड्यात लक्षावधी घरांच्या जेवणाच्या टेबलांवर कचेऱ्या उघडल्या. पुष्कळांना तेव्हा प्रथमच कळले की आमच्या पडवीतल्या दाराला कडी नसण्याचा अर्थ काय. फ्रान्सने त्याआधीच, २०१६ साली, कायदा केला होता आणि १ जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. कामाची वेळ संपल्यावर निरोपांना उत्तर न देण्याचा नोकरदाराचा हक्क त्यात मान्य आहे. ब्वालोच्या पॅरिसमधूनच हा कायदा निघावा याचे आम्हाला बरे वाटले. पण तो नोकरदारांसाठी आहे. स्वतःच स्वतःचा मालक असलेल्या माणसाने कोणाविरुद्ध दाद मागायची?

आम्ही हे सारे मुलीला सांगितले. तिला हातमागवाल्यांचा कंटाळा आला. सोनारांच्या पाळीची गोष्ट मात्र तिने दोनदा ऐकून घेतली. तिच्याच धंद्यातल्या आणखी तीन मुली आमच्या आणि शेजारच्या धर्मग्रामात आहेत. एरवी त्या एकमेकींची गिऱ्हाइके पळवण्याच्या धास्तीत असत. त्या चौघी एका रविवारी आमच्या पडवीत जमल्या, वडिलांच्या बेताच्या टेबलाभोवती बसल्या आणि त्यांनी ठरवले ते असे: रात्री आठनंतर चौघींपैकी कोणीही काम घ्यायचे नाही, मुखपृष्ठाचा एक ठरावीक दर धरायचा आणि त्याखाली उतरायचे नाही, रविवारी फक्त एकीने फोन उचलायचा, पाळीपाळीने, आणि खरोखरच अडलेले काम तेवढे करायचे. छापखानेवाल्यांना चौघींनी मिळून एकच पत्र पाठवले. दोघांनी उत्तर दिले नाही, एकाने काम दुसरीकडे नेले, बाकीच्यांनी रविवारचा क्रमांक लिहून घेतला.

रविवारच्या कमाईचे काय करायचे यावर मात्र त्यांचे भांडण झाले. आमची मुलगी म्हणे ती सोनारांप्रमाणे पेटीत जावी आणि धर्मग्रामाच्या संत विन्सेंट दी पॉल संघाला द्यावी. एक म्हणे, जिने राबायचे तिने घ्यावी, आपण काही संत लुईच्या राज्यात राहत नाही. तिसऱ्या आठवड्यात असे कळले की चौथीने पाळी नसताना गुपचूप एक काम घेतले होते. तिच्या घरी आजारपण होते आणि पैशांची गरज होती. तेव्हा दंड करावा की पेटीतून तिलाच काही द्यावे, हा नवा प्रश्न उभा राहिला. आम्हाला विचारायला आल्या तेव्हा आम्ही ब्वालोचे पुस्तक मिटून ठेवले आणि चहा टाकला. पेटीत सध्या आठशे रुपये आहेत. येत्या रविवारी पाळी कोणाची, ते अजून ठरायचे आहे.